मत दिलं म्हणजे मत संपलं का?

आपल्या भाषेत 'मत' हा एकच शब्द दोन कामं करतो. डोक्यात असतं तेही मत आणि पेटीत पडतं तेही मत. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडं एकच. त्यामुळं आपण सहज धरून चालतो की पेटीतलं मत म्हणजे डोक्यातलंच मत, फक्त घडी घालून टाकलेलं. वर त्याला 'दान' हा शब्द चिकटवलाय. दान दिलं की विचारायचं नसतं. घेणाऱ्यानं त्याचं काय केलं, कुठं उडवलं, कुणाला विकलं, आपण गप्प बसायचं. दान नावाच्या गोष्टीनं आपल्या बापजाद्यांचं काय केलं ते तुम्हांला सांगायची गरज नाही.

मला विचारायचंय ते एवढंच. मी एखाद्या पक्षाला मत दिलं, म्हणजे त्या पक्षाची सगळी मतं माझी झाली का? झाली नसतील, तर वस्तीत जाऊन मी दुसऱ्याचं मत मागतो तेव्हा त्याला काय सांगायला मी बांधलेला आहे? हा प्रश्न मला पुस्तकानं घातला नाही. माझ्या तोंडून एक खोटं गेलं, त्यातून आला. ते पुढं सांगतो.

आधी आजी. माझी आजी निरक्षर. तिच्या लेखी निवडणूक म्हणजे हत्ती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्ती होती. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष निघाला, त्याचीही हत्तीच. पुढं पक्षाचे तुकडे झाले, हत्ती हातचा गेला, १९८४ साली निघालेल्या बहुजन समाज पक्षाकडं गेला. आजी आपली प्रत्येक निवडणुकीला विचारायची, "हत्ती कुठंय रं?" आम्ही पोरं हसायचो. आता हसू येत नाही. आमच्या अख्ख्या घरात डोक्यातलं मत आणि पेटीतलं मत एकच असलेलं माणूस ती एकटीच होती.

पण पेटीनं तरी अशा माणसांचं मत धड पोचवलं का? १९५२ ची पहिली लोकसभा आठवा. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा, त्यातली एक राखीव. फेडरेशननं समाजवाद्यांशी समझोता केलेला. घटनेचा मसुदा ज्यांच्या हातून झाला ते बाबासाहेब राखीव जागेवर उभे होते, आणि काँग्रेसच्या काजरोळकरांकडून सुमारे १४ हजार मतांनी पडले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. आपल्या माणसांचं मत चुकलं होतं? नाही. जागा आपली होती, पण निवडणारे सगळे होते. १९३२ च्या पुणे करारात जागा वाढल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला, त्याचा अर्थ हा असा वीस वर्षांनी मुंबईत उघडा पडला. बाबासाहेबांना तो आधीच कळला होता. म्हणून तर १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितला आणि त्याच निवेदनात शेती सरकारी मालकीची करा असंही मांडलं. ही दुसरी मागणी आज कोणत्या मोठ्या पक्षाच्या जाहीरनाम्यात आहे? कुणाच्याच नाही. आपण मात्र दर चौदा एप्रिलला सगळ्याच पक्षांचे बॅनर वस्तीच्या कमानीवर लावून घेतो.

आता माझ्या गल्लीत या. माझ्या शेजारी एक मावशी राहतात. धुणीभांडी करतात. पोरगा नगरपालिकेत सफाई कामगार, कंत्राटी. २०२४ च्या लोकसभेला आमच्या वस्तीत एकच विषय होता, संविधान. मावशींनी रांगेत उभं राहून आघाडीला मत दिलं. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या आल्या. सहा महिन्यांनी विधानसभा झाली. मधे लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये खात्यात येऊ लागले होते. महायुतीनं २१०० चं वचन दिलं, आघाडीनं ३००० चं. २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन पक्षांनी घेतल्या. पेपरवाले म्हणाले, मतदाराचं मन बदललं. मी मावशींना विचारलं, "मावशी, सहा महिन्यांत मत बदललं का हो तुमचं?" त्या म्हणाल्या, "बदलायचं काय त्यात? संविधान पण माझं हाय, पंधराशे पण माझे हायेत. बटन एकच दाबू देतात, त्याला मी काय करू?"

मित्रांनो, राज्यशास्त्राच्या चार पुस्तकांत मला जे कळलं नाही ते या बाईनं एका वाक्यात सांगितलं. मन एक आणि बटण एक. पण मनात दहा गोष्टी असतात, आणि बटणामागं पक्षानं आपल्या सोयीनं बांधलेलं एक गाठोडं असतं. गाठोडं सोडून त्यातलं हवं ते घेता येत नाही. घ्यायचं तर सगळं घ्या.

निवडणुकीनंतरच्या एका रविवारी आम्ही समाजमंदिरात पोरापोरींना जमवलं. मावशीही आल्या. मी फळ्यावर खडूनं एक खेळ मांडला. तो माझा नाही. मोइसेई ऑस्ट्रोगोर्स्की या विद्वानाच्या नावानं हे कोडं ओळखतात. त्यानं १९०२ साली पक्षसंघटना लोकशाहीचं काय करतात यावर मोठा ग्रंथ लिहिला. कोडं असं. दोन पक्ष आहेत, फुली आणि गोल. प्रश्न तीन. गायरानाचं काय करायचं: फुली म्हणतो कसणाऱ्याच्या नावावर करा, गोल म्हणतो तिथं घरकुलं बांधा. शिक्षणाचं काय: फुली म्हणतो शिष्यवृत्ती वाढवा, गोल म्हणतो वसतिगृहं वाढवा. सफाई कामगारांचं काय: फुली म्हणतो कायम करा, गोल म्हणतो कंत्राट राहू द्या, पगार वाढवा.

मतदार पाच. दोन म्हातारे तिन्ही प्रश्नांवर फुलीचे. रिक्षावाल्याला गायरान नावावर पाहिजे, म्हणजे एका प्रश्नावर फुली, उरलेल्या दोनांवर गोल. कॉलेजातल्या पोरीला शिष्यवृत्ती पाहिजे, तिचं त्या एकाच प्रश्नावर फुली, बाकी गोल. तिसरी मावशी. त्यांचं फक्त सफाई कामगारांच्या प्रश्नावर फुली, बाकी गोल. आता हे तिघं मत कुणाला देणार? तीनपैकी दोन गोष्टी पटतात त्या गोलला. गोल तीन विरुद्ध दोननं निवडून आला. गुलाल उधळला.

आता एकेक प्रश्न उभा मोजा. गायरान: दोन म्हातारे आणि रिक्षावाला, फुली तीन. शिक्षण: दोन म्हातारे आणि पोरगी, फुली तीन. सफाई कामगार: दोन म्हातारे आणि मावशी, फुली तीन. तिन्ही प्रश्नांवर बहुमत फुलीचं, आणि राज्य गोलचं! पेटी कुणी पळवली नाही, मत कुणी विकलं नाही, दारू वाटली नाही. प्रत्येकानं प्रामाणिकपणानं मत दिलं, आणि तरी प्रत्येक प्रश्नावर लोकांचं मत हरलं. निवडून आलेला गोल दुसऱ्या दिवशी सभेत सांगणार, जनतेनं आमच्या तिन्ही धोरणांना कौल दिलाय!

पोरं बराच वेळ फळ्याकडं बघत बसली. एक जण पुन्हा उठून मोजून आला.

यावर कुणी म्हणेल, दोनच पक्ष आहेत म्हणून असं होतं, पक्ष वाढवा. आपल्याकडं काय पक्षांना तोटा आहे? मुद्दा वेगळा आहे. अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९५७ साली मांडलं की मोठे पक्ष मतं गोळा करायला मधल्या मतदाराकडं सरकतात. आपल्याला हे गावाच्या नकाशावरून लगेच कळेल. गाव मधे, वस्ती कडेला. पक्षाचा मंडप मधल्या पारापाशी पडतो, कारण दोन्हीकडची माणसं तिथं येतात. कडेला मंडप टाकला तर मधली माणसं येणार नाहीत. म्हणून दोन मोठे पक्ष एकमेकांच्या जवळ जवळ सरकत जातात, २१०० आणि ३००० असा लिलाव होतो, आणि जमिनीचा, कंत्राटी कामाचा, गटारात उतरणाऱ्या माणसाचा प्रश्न दोघांपासून तेवढाच लांब राहतो. गावकुसाबाहेर आपल्याला आधी मनूनं ठेवलं. मतांची गणितंही त्याच जागी ठेवतात, फक्त शिवी न देता.

आणि कडेच्या माणसानं स्वतःच्या मताप्रमाणं मत दिलं तर? २०१९ च्या लोकसभेला वंचित आघाडीला महाराष्ट्रात लाखो मतं पडली. त्या माणसांना काय ऐकावं लागलं? मत फुकट घालवलं, मतं फोडली, अमक्याला निवडून आणलं. तो डाव बरोबर होता की चूक यावर आपण खुशाल भांडू. पण दुसऱ्या कुणाला 'तुझ्या मनातलं मत देऊ नको' असं उघड सांगायची लाज वाटते. आपल्याला सांगताना वाटत नाही.

बरं, दिलं मत, आला निवडून. तो तरी आपलं मत बोलणार का? महाराष्ट्राच्या विधानसभेत २९ जागा अनुसूचित जातींना राखीव आहेत. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्षादेश निघाला की आमदारानं त्याप्रमाणं हात वर करायचा, नाहीतर आमदारकी जाते. म्हणजे २९ जणांच्या पोटात काही असलं तरी ओठावर पक्षच. आणि ज्या पक्षांतराला बंदी होती ते थांबलं का? २०१९ ला निवडून दिलेल्या एकाच विधानसभेत आपण तीन मुख्यमंत्री पाहिले. निकालानंतर युती मोडली, २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी फुटली. एकट्या आमदाराला आपल्या मनाप्रमाणं बोलायला बंदी आणि टोळीनं गेलं तर वाट मोकळी. या सगळ्यात मतदाराला कुणी विचारलं नाही.

मग पक्षांची भूमिका कधी हलते? दोन उदाहरणं समोरासमोर ठेवतो.

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. त्या दिवशी कुणी आपली मतं आणि पक्षांच्या भूमिका कागदावर शेजारी ठेवल्या असत्या तर तंतोतंत जुळल्या असत्या. आणि मग मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळेंना मारलं. ठराव करणारे पक्ष गावागावांत कुठं होते? नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. ठराव ते पाटी, साडेपंधरा वर्षं. तेव्हा पक्षाची भूमिका म्हणजे ठराव नव्हे. किंमत मोजायची वेळ येते तेव्हा तो कुठं उभा असतो, ती भूमिका.

दुसरं. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे दात काढले. २ एप्रिलला भारत बंद झाला. माणसं मेली, पोरं तुरुंगात गेली. त्याच ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा पूर्ववत करणारी दुरुस्ती केली. एकही मोठा पक्ष आडवा गेला नाही. मधे कुठलीही लोकसभा निवडणूक नव्हती. मत पेटीतून गेलं नाही, रस्त्यावरून गेलं. पण पोचलं.

मत न देण्याचंही तसंच. जानेवारी १९७४ मध्ये मध्य दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरनं बहिष्कार पुकारला. वरळीला दंगल झाली, भागवत जाधव गेला. काँग्रेसचा उमेदवार पडला. तो बहिष्कार सगळ्यांना वाचता आला, कारण त्याच्या मागं आधी बोललेलं, छापलेलं, सभेत सांगितलेलं मत होतं. २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर आलं. काय झालं? पहिला होता तो आमदार झाला. मुक्या नकाराला कुणी घाबरत नाही.

आता माझं खोटं.

विधानसभेच्या प्रचारात मी एका उमेदवारासाठी वस्तीत फिरत होतो. का, त्याची कारणं माझ्याजवळ होती, अजूनही आहेत. दुसरा निवडून आला तर काय होईल ही भीती खरी होती. पण मावशींनी दारात विचारलं, "आमच्या पोराला कायम करतील का रं? हाय का कागदात?" मी जाहीरनामा वाचला होता. त्यात ते नव्हतं. मी म्हणालो, "आहे मावशी."

एक शब्द. मोठ्या हेतूसाठी बोललेला. तुमच्यापैकी किती जणांनी असा शब्द बोललाय ते मी विचारत नाही.

त्या रविवारी फळ्यावर मी सफाई कामगारांचा रकाना आखला तसा मावशींकडं बघवेना. खेळ संपल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, मावशी, ते कागदात नव्हतं, मी खोटं बोललो. त्या म्हणाल्या, "मला काय कळत नव्हतं व्हय? कागदात कधी असतंय का आपलं? तू म्हणलास म्हणून दिलं."

वाईट त्यानं वाटलं. मी इतका वेळ पक्ष आणि मतदार यांचा हिशेब मांडत होतो. मावशींचा हिशेबच वेगळा होता. रात्री पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेत नाहीत तेव्हा कोण सोबत येतं, दवाखान्यात कोण थांबतं, हे बघून त्या मत देतात. जाहीरनाम्यांशी जुळणी करून त्यांना अडाणी ठरवणारा शहाणा अजून जन्मायचाय. त्यांनी मत माझ्या शब्दाला दिलं आणि मी ते दुसऱ्याच्या झोळीत नेऊन टाकलं. पक्षावर त्यांचं काही देणं नाही. देणं माझ्यावर आहे.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी पश्चात्ताप करून मोकळा झालो असतो. पण मागं बसलेला एक पोरगा उठला. पलीकडच्या मातंग वस्तीतला, नुकताच यायला लागलाय. म्हणाला, "दादा, ह्या तीन प्रश्नांत आमचा प्रश्न कुठंय? फळ्यावर प्रश्न कुणी लिहिले?"

त्याला वर्गीकरण म्हणायचं होतं. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की अनुसूचित जातींच्या आरक्षणात उपवर्गीकरण करता येतं. मातंग समाजाची ती जुनी मागणी. आपल्या बौद्ध वस्तीत बहुतेकांचा विरोध. मला ते माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. फळ्यावर प्रश्न लिहिताना तो हातात आला होता आणि मी सोडून दिला. का? जमलेली माणसं फुटतील म्हणून. म्हणजे मी तेच केलं जे प्रत्येक पक्ष करतो. मधल्या माणसाकडं सरकलो, कडेच्याचा प्रश्न पुसला आणि वर म्हणालो, 'आपलं' मत. दलित म्हणून आम्ही एक असं आपण व्यासपीठावरून सांगतो, तेव्हा ते गाठोडं कोण बांधतं आणि कुणाला न विचारता बांधतं?

वर्गीकरणावर माझं मत काय, असं तुम्ही विचाराल. भीती वाटते, की तुकडे पाडून जागाच रिकाम्या ठेवतील, एकेकाला वेगळं गाठून विकत घेतील. ही भीती खोटी नाही. पण 'फूट पडेल, आता गप्प बसा' हे वाक्य मी आयुष्यभर सवर्ण पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलोय. ते माझ्या तोंडून त्या पोराला ऐकवायचं माझं धाडस झालं नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात एका माणसाला एक मत मिळेल, पण समाजात त्या माणसाची किंमत सारखी नसेल, आणि ही विसंगती फार काळ चालू दिली तर सगळा डोलाराच उडेल. आपण हे नेहमी सवर्णांना ऐकवतो. बरोबरच आहे. पण आपल्या समाजमंदिरात त्या पोराच्या मताची किंमत किती, हा प्रश्नही त्यातच येतो.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय. मत डाव म्हणून द्यावं लागेल, देईन. शत्रूला अडवायला न पटणाऱ्या पक्षालाही देईन. पण दिल्यानंतर त्या पक्षाची न पटणारी भूमिका पटल्यासारखी बोलणार नाही. गुलामी तिथून सुरू होते. निवडणुकीच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी, जेव्हा आपण आपलं डोकं आपल्या बटणाशी जुळवून घ्यायला लागतो. आणि कुणाच्या दारात मत मागायला गेलो तर ज्या पक्षासाठी मागतोय त्याच्या जाहीरनाम्यात काय नाही ते आधी सांगीन. एक मित्र म्हणाला, "असं सांगितल्यावर मत कोण देईल?" कदाचित नाही देणार. मग तेवढ्या मतांनी पडू. मावशींच्या शब्दावरचा विश्वास गमावून निवडून आणण्यासारखा उमेदवार मला तरी अजून दिसलेला नाही.

फळ्यावरचा खेळ मी पुसलेला नाही. येत्या रविवारी तोच फळा उचलून मातंग वस्तीत नेणार आहोत. प्रश्न ते लिहितील. खडू त्या पोराच्या हातात राहील. आमच्यातले काही येणार नाहीत म्हणालेत. मावशी येणार आहेत.

जयभीम.